परतीचा पेरू

दिवाळीच्या आधी माळ्यावरचा पसारा काढताना ती बॅग दरवर्षी हाताशी येते. चेन गंजून निम्म्यावर अडकलेली, एक बंद तुटलेला, आणि पोटाशी एक फिकट तपकिरी डाग, जो कशाचा आहे हे माझ्याशिवाय घरात कुणाला सांगता यायचं नाही. मी ती झटकतो, खाली उतरवतो, आणि पुन्हा वर ठेवण्याआधी, कुणी बघत नाही ना याची खात्री करून, त्या अर्धवट उघड्या तोंडाशी नाक नेतो. आधी येतो तो नुसता धुळीचा वास. मग जरा थांबावं लागतं. विहिरीत सोडलेली कळशी बुडण्याआधी क्षणभर पाण्यावर रेंगाळते ना, तेवढं. आणि मग खालून सावकाश वर येतं सगळं. चामडं, बॅटीला चोळलेलं जवसाचं तेल, घाम वाळून कडक झालेले मोजे, पाठीला लावायच्या मलमाचा झणझणाट, आणि या सगळ्यांच्या अंगावरून कुणी मायेनं हात फिरवत जावा तसा, गोड, किंचित आंबूस, पिकून मऊ पडलेल्या पेरूचा वास.

वीस वर्षं उलटून गेली. त्या बॅगेत आता चेंडू नाही, खिळ्यांचे बूट नाहीत, पेरू तर नाहीच नाही. तो वास बॅगेला येतो की मलाच येतो, हे ठरवायच्या फंदात मी पडत नाही.

राहात्याच्या माणसाला पेरूचा वास वेगळा सांगावा लागत नाही. नगर-मनमाड रस्त्यानं शिर्डीला निघालेल्यांना आमचं गाव आठवतं तेच मुळी रस्त्याकडेच्या पेरूच्या पाट्यांमुळे. गाडी थांबते, काच खाली होते, मीठ-तिखट भुरभुरलेल्या चार फोडी आत जातात आणि गाडी बाबांच्या दर्शनाला. त्यांच्यासाठी तो वास पाच मिनिटांचा. आमच्यासाठी तो अख्खा हिवाळा असायचा. मृगाचा बहर धरलेला असला की फळ ऐन थंडीत हाताशी येतं. पहाटे तोडणीला गेलं की दवानं ओली पानं गालाला लागायची, बोटांची टोकं बधिर व्हायची, आणि वास थंडीनं जड होऊन जमिनीलगत बसलेला असायचा, इतका की वाकलं की जास्त यायचा. पोपटांनी अर्धं खाऊन टाकलेलं फळ, आतला पांढरा गर उघडा, त्यावर मुंग्यांची ओळ. झाडाच्या सालीचे पातळ पापुद्रे सुटलेले आणि खाली तांबूस-हिरवं गुळगुळीत खोड, नुकतंच न्हाऊ घातलेल्या पोराच्या पाठीसारखं.

आमची बाग सव्वा एकराची, गोदावरीच्या उजव्या कालव्याच्या पाण्यावरची. जात लखनौ-४९, जिला सगळे सरदार म्हणतात. नाव लखनौचं खरं, पण हिची निवड झाली ती पुण्याच्या गणेशखिंडीतल्या फळसंशोधन केंद्रावर, १९२७ साली. बी एकीकडचं, वाढ दुसरीकडची. खेळाडूंचंही असंच असतं हे मला पुढे कळलं. आमच्या शेजारचा झहीर खान श्रीरामपूरचा, घडला मुंबईत, आणि रणजी खेळायला लागला बडोद्याकडून.

आणि हिवाळा हाच क्रिकेटचाही हंगाम. त्यामुळे माझ्या आयुष्यात चेंडू आणि पेरू एकाच बॅगेत आले, त्यात कुणाची योजना नव्हती.

बॅग भरायचे आण्णा, माझे वडील. कपडे आई भरायची, बूट मी. पण वरून शेवटचा हात आण्णांचा. निवड चाचणीला, शिबिराला, सामन्यांना जायच्या आदल्या संध्याकाळी ते बागेत जायचे आणि उजेड असेपर्यंत परतायचे नाहीत. मी एकदा मागे मागे गेलो होतो. ते झाडाजवळ उभे राहायचे, फळ तोडायच्या आधी तळव्यावर नुसतं तोलायचे, मग अंगठा देठाशी नेऊन अगदी हलका दाबायचे, जसा वैद्य नाडीवर ठेवतो. दाबायचे म्हणजे काय, विचारायचे. नाही म्हटलं फळानं की सोडून पुढच्या झाडाकडे. घरी आल्यावर प्रत्येक पेरू जुन्या पेपरच्या तुकड्यात गुंडाळायचे. शिबिर चार दिवसांचं असेल तर पेरू पाच. पहिल्या दिवसाचा पिवळा धमक, तो सगळ्यात वर. दुसऱ्या दिवसाचा पोपटी. तिसऱ्याचा आणखी हिरवा. असं करत करत सगळ्यात खाली, बुटांच्या शेजारी, गडद हिरवा, दगडासारखा एक.

“हा परतीचा,” म्हणायचे. “तू यायला निघशील तवर होईल.”

आण्णांनी मला कधी विचारलं नाही की बळी किती घेतले. क्रिकेट त्यांना समजायचं नाही असं नाही. रेडिओवर कॉमेंट्री लागली की पाटाचं पाणी धरता धरता बांधावर उभे राहून ऐकत. पण मी घरी आलो की प्रश्न एकच: “परतीचा खाल्ला का?”

पहिला सीझनचा चेंडू माझ्या हाती आला १९९५ साली. तोवर आम्ही टेनिस चेंडूवर खेळायचो, अस्तगाव, साकुरी, पिंपळस, जिथे कुणी चषक ठेवला असेल तिथे. सीझनचा चेंडू म्हणजे वेगळंच प्रकरण. तो हातात घेतला की आधी त्याच्या वजनानं मनगट थोडं खाली जातं. मग शिवण लागते बोटांना, उंच, करकरीत, दोऱ्याचा टाका न् टाका मोजता येईल अशी. तो मी रात्री उशाशी घेऊन झोपलो, हे सांगायला आता लाज वाटत नाही. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर, जिथे उन्हाळ्यात जमिनीला बोट जाईल अशा भेगा पडायच्या, मी तो मांडीवर घासत घासत धावत आलो आणि टाकला. कुठे पडला ते आठवत नाही. पँटवरचा लाल पट्टा आठवतो. आईनं तो दगडावर घासून घासून धुतला, गेला नाही. पुढे प्रत्येक पँटवर तो पट्टा पडत गेला आणि आईनं घासणं सोडलं.

श्रीरामपूर आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर, बाभळेश्वरवरून. तिथल्या एका फोटो स्टुडिओवाल्याचा मुलगा मुंबईला गेलाय, डावरा आहे, जोरात टाकतो, हे आम्हाला पेपरात यायच्या कितीतरी आधी एसटीत ऐकू आलं होतं. एसटीत ऐकलेलं सगळंच खरं नसतं. पण हे होतं. सतरा-अठरा वर्षांचा असताना तो मुंबईच्या नॅशनल क्रिकेट क्लबात सुधीर नाईकांच्या हाताखाली गेला, आणि ऑक्टोबर २००० मध्ये नैरोबीत भारताकडून उतरला. ७ ऑक्टोबरला, त्याच्या बाविसाव्या वाढदिवशी, ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना होता. बाजारातल्या टीव्हीच्या दुकानासमोर आम्ही वीस-पंचवीस जण उभे. त्यानं स्टीव्ह वॉला यॉर्करवर उडवलं तेव्हा कुणी ओरडलं नाही आधी. क्षणभर सगळे गप्प झाले. मग माझ्या शेजारचे एक म्हातारबा, ज्यांना स्टीव्ह वॉ कोण हेही ठाऊक नसावं, म्हणाले, “आपल्या शिरामपूरचंय ते पोरगं.” आणि मला त्या गर्दीत, डिझेलच्या धुरात, एकदम पेरूचा वास आला. कुणाच्या तरी पिशवीत असतील. मी मात्र तो माझ्यासाठीच आलेला धरला. एकोणीस वर्षांच्या मुलाला सगळं स्वतःसाठीच आलेलं वाटतं.

पुढच्याच वर्षी मी पुण्याला गेलो.

आता जरा बागेकडे वळतो, कारण पुण्यात माझं जे झालं ते मला बागेच्या भाषेतच सांगता येतं. पेरूला ताण द्यावा लागतो. उन्हाळा सुरू झाला की पाणी तोडायचं. आवर्तन सुटलेलं असतं, पाट भरून वाहत असतो, शेजाऱ्याच्या उसात पाणी खळखळत असतं, आणि आपल्या बागेची चारी कोरडी ठेवायची. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, गळतात. खोडाभोवतीची माती हलवून मुळ्यांना ऊन दाखवायचं. बघणाऱ्याला वाटावं की या माणसाचं झाडांशी वैर आहे. मग मृगाच्या तोंडावर शेणखत, पाणी, आणि त्या काटक्यांसारख्या दिसणाऱ्या फांद्यांवर पालवी, आणि पालवीत पांढरी फुलं, केसरांचा झुपका बाहेर काढून बसलेली. ताण दिला नाही तर झाड वर्षभर थोडं थोडं फुलत राहतं, कधी चार फळं, कधी सहा, बहर म्हणावा असा येत नाही.

पण ताण किती द्यायचा, यात सगळी मेख. हलक्या मुरमाड जमिनीतलं झाड लवकर ताणावर येतं, काळ्या भारी जमिनीतलं उशिरा. एकाच बागेत वरच्या अंगाची झाडं आणि खालच्या अंगाची झाडं यांना एक माप चालत नाही. आण्णा त्या दिवसांत रोज फेरी मारायचे. पान हातात घेऊन चुरगळायचे, वास घ्यायचे, टाकून द्यायचे. काय हुंगता, विचारलं तर म्हणायचे, “अजून बोलतंय.” बोलायचं थांबण्याच्या एक दिवस आधी पाणी सोडायचं. एक दिवस उशीर झाला की संपलं.

पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिलो. पहाटे सायकलनं स्वारगेटला, नेहरू स्टेडियमच्या नेट्सवर, नाहीतर आमच्या क्लबाच्या मैदानावर. खाणावळीत दोन वेळचं, ते पुरायचं नाही. रात्री भुकेनं जाग यायची आणि मग कॉटखाली हात घालून बॅग चाचपायची. अंधारात पेपरचा कागद सोडवताना होणारा तो आवाज! खोलीतले बाकीचे तिघे झोपेत कूस बदलायचे, आणि वास मात्र झाकता यायचा नाही. दुसऱ्या रात्रीपासून मी सुरी आणून ठेवली आणि चार फोडी करायला लागलो. त्यातला एक जण पुढे रेल्वेत स्पोर्ट्स कोट्यातून लागला. तेव्हा आमची झेप तेवढीच होती; रणजी एखादं वर्ष, आणि मग रेल्वे किंवा बँक. आजी माझ्या क्रिकेटला “तुझं ते करेर” म्हणायची. मी ते करेर सोडलं आणि चार वर्षांनी आयपीएल आली. असो.

यादी कशी वाचतात माहीत आहे? भिंतीवर कागद डकवलेला असतो आणि समोर तीस पोरं. जे येणारच असतात ते वरून वाचतात. आम्ही खालून वर वाचायचो. खालून तिसरं, खालून दुसरं. एक हंगाम माझं नाव असंच खालून लवकर सापडायचं, म्हणजे राखीव. मी पाणी नेलं, हातमोजे नेले, ओले टॉवेल नेले. पाणी नेणाऱ्याला जे दिसतं ते टीव्हीवर दिसत नाही. शतकाजवळ आलेल्या फलंदाजाला बाटलीचं झाकण उघडत नाही, बोटं थरथरत असतात. ते मी उघडून द्यायचो आणि आम्ही दोघंही ते पाहिलं नाही असं करायचो. शिव्या देणारा गोलंदाज सीमारेषेवर एकटा उभा असताना आईला आठवत असतो. मोठ्या खेळाडूंची मला भीती वाटायची ती त्या पाणी नेण्यात गेली. आदर मात्र गेला नाही. उलट वाढला.

अजिंक्य रहाणे मला याच कारणासाठी जवळचा वाटतो. तो आमच्या शेजारच्या संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा, वाढला डोंबिवलीत. नोव्हेंबर २०११ मध्ये कसोटी संघात आला आणि प्रत्यक्ष कसोटी खेळला ती मार्च २०१३ मध्ये. मधले सोळा महिने तो काय करत असेल, मला ठाऊक आहे. बाटल्या भरत असेल. आणि एवढं थांबून पहिल्या कसोटीत धावा किती? सात आणि एक. ॲडलेडला सगळा संघ ३६ धावांत गुंडाळला गेल्यानंतर, डिसेंबर २०२० मध्ये मेलबर्नला त्यानं ११२ केले, ते सगळ्यांना आठवतं. मला आठवतं ते त्याचं धावबाद होणं. धाव जडेजाच्या पन्नासाव्या धावेसाठी होती. बाद होऊन परतताना तो जडेजाजवळ थांबला आणि त्याच्या खांद्यावर हलकेच थोपटून गेला. सोळा महिने पाणी वाहिलेल्या माणसाचा हात होता तो. मी टीव्हीसमोर एकटाच बसलो होतो, आणि उगाचच उठून बाहेर ओट्यावर गेलो.

माझी पाठ २००२ च्या डिसेंबरात गेली. गेली म्हणजे एका चेंडूला गेली नाही. महिनाभर आधी कंबरेच्या वर डावीकडे कुणी बोट टेकवावं तसं वाटायचं, झोपून उठलं की. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर यादीत वरून-खालून कुठूनच सापडलो नसतो. त्या थंडीत जो आम्हाला शिकवायचा त्याच्याकडे सगळ्यांना एकच माप होतं, रोज वीस षटकं. मुरमाड जमीन काय आणि काळी जमीन काय. एका सकाळी पुढचा पाय टेकला आणि पाठीतून वीज गेली. डॉक्टरांनी फोटो काढले, बोट ठेवून दाखवलं: मणक्यात एक बारीक रेघ, केसाएवढी. स्ट्रेस फ्रॅक्चर.

आण्णा न्यायला आले होते. एसटीत माझ्या पाठीला त्यांनी त्यांचं घोंगडं लावलं. शिरूर गेलं, सुपे गेलं, तोवर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ते काय म्हणले डाक्टर? स्ट्रेस म्हंजी?”

“ताण.”

बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. ज्वारी निसवलेली होती दोन्ही अंगाला. नगरच्या जवळ आल्यावर, माझ्याकडे न बघता, विचारलं, “किती दिवस देत हुते?”

त्यांनी एवढा एकच प्रश्न विचारला, आणि मला उत्तर देता आलं नाही.

आजोबा तेव्हा हयात होते. ते पैलवान, कान मोडलेले, गावोगावच्या जत्रेतल्या हगाम्यात खेळलेले. रेवड्यांवरच्या कुस्तीपासून नारळावरच्या, मग चार पैशांच्या. हलगी वाजायला लागली की म्हातारपणीही त्यांचा गुडघा आपोआप हलायचा. त्यांना माझी पाठ म्हणजे विनोद वाटला. “आमची पाठ लागायची,” म्हणाले, “तुजी मोडली. लागली आस्ती तर माती झाडून घरी आला आस्तास.” त्यांच्या खेळात हार संध्याकाळपुरती असायची. पाठ लागली, माती झाडली, घरी येऊन बैलांना पाणी पाजलं. माझ्या खेळात हार झोपेतही शेजारी यायची. त्यांना खाशाबा जाधवांची गोष्ट फार आवडायची, गोळेश्वरचे, १९५२ ला हेलसिंकीतून कांस्यपदक आणणारे. पण पदकाचं त्यांना एवढं नव्हतं. प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकलं होतं, तिथे ते दर वेळी थांबायचे. “आन् मंग? सुटलं का घर?” परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या धरून ते पैसे फेडले असं सांगतात, हे मी सांगायचो. आजोबा मान हलवायचे. आता गोष्ट पुरी झाली, अशी.

आमच्या घरी गहाण काही नव्हतं, असं मी समजत होतो. आण्णा गेल्यावर, बाराव्याच्या गडबडीत, आईनं ओघात सांगितलं. माझ्या पुण्याच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी बाग एका व्यापाऱ्याला उक्ती दिली होती. फुलावर असतानाच पैसे घेतले. झाडं आमची, फळ त्याचं, राखणदारही त्याचा. मग माझ्या बॅगेत पेरू कुठून यायचे त्या वर्षी? आई म्हणाली, “इकत घ्यायचे की. आपल्याच बागंतून. संध्याकाळी जायचे, राखणदारापुढं मोजून पैसे ठिवायचे. त्यो नगं म्हनायचा, तरी ठिवायचे.” आणि वर हेही म्हणाली की त्यातही परतीचा एक जास्तीचा घ्यायचेच.

मी तेव्हा आतल्या खोलीत गेलो आणि काही तरी शोधत असल्यासारखं केलं.

पाठ सहा महिन्यांत सांधली. रेघ भरली. पण रेघ भरलेल्या पाठीला आठवण असते. पाय टेकायच्या क्षणी ती किंचित, एक केसभर, आखडायची, आणि तेवढ्यात वेग निघून जायचा. बैलासारखं आहे ते, पोरांना शिकवताना मी म्हणतो, बैल तोच, जू तेच, पण एकदा घसरलेल्या उतारावर पुन्हा तसा पाय टाकत नाही. झहीरचं मला याचसाठी कौतुक आहे. २३ मार्च २००३, जोहान्सबर्गला विश्वचषकाची अंतिम लढत; टीव्हीवर आम्ही पाहत होतो. पहिल्या षटकात पंधरा धावा, नो-बॉल, वाईड. सात षटकांत ६७. ताटातलं गार झालं. मग संघाबाहेर गेला, २००६ ला इंग्लंडात वूस्टरशायरकडून आठवड्यामागून आठवडे टाकत राहिला, त्या मोसमात ७८ बळी. आणि २ एप्रिल २०११, वानखेडे, पुन्हा विश्वचषकाची अंतिम लढत: पहिल्या पाच षटकांत तीन निर्धाव, सहा धावा, एक बळी. ती खेळपट्टी तयार केली होती सुधीर नाईकांनी, ज्यांच्याकडे तो श्रीरामपूरहून गेला होता. गुरूनं राखलेल्या मातीवर शिष्यानं टाकलेली ती षटकं मी आजही डोळे मिटून पाहू शकतो. लोक ती पाचच सांगतात. उरलेल्या पाचांत चोपन्न गेल्या होत्या, तेही मला आवडतं. मधली आठ वर्षं मात्र कुणी दाखवली नाहीत. मला ती पाहायची होती.

आता बागा पूर्वीएवढ्या राहिल्या नाहीत. आमची निम्मी मर रोगानं गेली, शेंड्याकडून पिवळी पडत पडत. उरलेल्यांना मी ताण देतो, पण आण्णांसारखं मला पान ऐकू येत नाही. मी तारीख बघतो. संध्याकाळी मैदानावर दहा-बारा पोरं येतात. त्यांना मी षटकं मोजून देतो, आणि पाठीवर हात ठेवून विचारतो, इथे दुखतं का, खरं सांग. ती नाही म्हणतात. मीही म्हणालो होतो.

शेवटचा परत आलो तो दिवस २००४ च्या फेब्रुवारीतला. पाच दिवसांचं शिबिर होतं, बहराचे शेवटचे पेरू होते, सहा. दुसऱ्या दिवशी दुपारी यादी लागली. मी खालून वाचत वरपर्यंत गेलो. मग वरून खाली आलो. शिवाजीनगरला मिळाली ती एसटी धरली, मागचं सीट, बॅग पायात. नगरला अंधारलं. राहुरीला कारखान्याच्या मळीचा वास आत आला, कोल्हारला पुलावर प्रवरेचा गारवा. बाभळेश्वर आलं तेव्हा मी बॅग उघडली. वरचे चार तसेच होते, पेपरात, आपापल्या दिवसाची वाट बघत. ते पुढे तसेच राहिले. घरी आल्यावर ती बॅग मी कॉटखाली ढकलली आणि महिनाभर उघडली नाही, आणि तो डाग त्यांचाच. पण त्या वेळी, ते समोर असताना, मी तळाशी हात घातला. बुटांशेजारचा काढला. कागद सोडवला. गडद हिरवा, गार, तीन दिवस अलीकडचा. दात लागेना. लागला तेव्हा तोंडभर तुरट, बिया करकर, वासाचा पत्ता नाही. मी निम्मा खाल्ला. राहाता आलं.

आण्णा स्टँडवर होते. कुणी कळवलं, कसं कळलं, कधीपासून उभे होते, काही विचारलं नाही मी. सायकल घेऊन, मफलर बांधून, दिव्याच्या खांबाखाली. मी उतरलो. त्यांनी बॅग घेतली, कॅरिअरला लावली, दोरी आवळली. मग माझ्या हाताकडे बघितलं.

“परतीचा?”

“कच्चाय.”

त्यांनी तो निम्मा माझ्या हातातून घेतला, मी चावलं होतं तिथंच दात रोवून एक तोडा घेतला, चावत राहिले. मग दुसरा. देठासकट संपवला. तोंड पुसलं मफलरनं, पायानं सायकलचं स्टँड मारलं, आणि आम्ही चालत निघालो.